दुर्मीळ कंद जमवायचे आहेत? बियांपासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विकत आणलेले संकरित कंद पहिल्या वर्षी भरभरून फुलले, दुसऱ्या वर्षी नुसती पानं आली आणि तिसऱ्या वर्षी कुंडीत काहीच उरलं नाही. आता तुम्हाला मूळ प्रजातींचे, त्यातही दुर्मीळ कंद जमवायची ओढ लागली आहे. ते याहून अवघड जातील का, कंद मिळवावेत की बी पेरावं, आणि डोंगरातून खणून आणलेले कंद कुणी देऊ केले तर घ्यावेत का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात घासाघीस करायला जागा नाही: घेऊ नका. कारणं पुढे सांगते. बाकी दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एकच आहे, बी पेरा. माझ्याकडे जे कंद वर्षानुवर्षं टिकून आहेत, फुलतात आणि पुन्हा बी धरतात, ते जवळपास सगळे मी बियांपासून वाढवलेले आहेत. तयार कंद आणला की आपण त्याला फक्त फुलताना पाहतो. बी पेरलं की तो कधी जागा होतो, किती दिवस पान ठेवतो, कधी झोपतो आणि झोपेत त्याला काय सोसत नाही, हे सगळं कळत जातं. कंदांच्या बाबतीत ही समज नसेल तर कितीही दुर्मीळ कंद मिळवला तरी तो दोन हंगामांत जातो.

तुमचे संकरित कंद असे का वागले ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं होईल. ते ट्यूलिप होते असं धरून चालते. बाजारातला ट्यूलिपचा कंद तयार करताना उत्पादकानं त्याला मोकळी जमीन आणि भरपूर ऊन दिलेलं असतं, फूल उमलल्याबरोबर खुडून सगळी ताकद कंदाकडे वळवलेली असते. नंतर कोरड्या उबेत ठेवलेल्या त्या कंदात पुढच्या वर्षीचं फूल धरलं जातं. लागवडीच्या वेळी कंद उभा चिरून पाहिलात तर मधोमध इवल्या पाकळ्या आणि पुंकेसर दिसतात. म्हणजे पहिल्या वर्षीच्या फुलाची तयारी दुसऱ्याच्या शेतात झालेली असते, तुम्ही फक्त पाणी घालता. तुमचं काम फूल सुकल्यावर सुरू होतं. ट्यूलिपचा जुना कंद दरवर्षी पूर्णपणे संपतो आणि त्याच्या शल्कांच्या, म्हणजे कंदाच्या जाड पाकळ्यांच्या, बगलेत नवे कंद तयार होतात. त्यांना पोसायला पानांच्या हाती फार थोडे आठवडे असतात. त्या काळात ऊन कमी पडलं, उन्हाळा लवकर तापला, किंवा पिवळी पडणारी पानं चांगली दिसत नाहीत म्हणून कापली, की एका भरदार कंदाऐवजी चार-पाच किरकोळ कंद हाती लागतात. त्यातल्या एकाचीही फुलण्याची ताकद नसते. एक खूण लक्षात ठेवा: ट्यूलिपला एकच रुंद पान आलं, तर त्या वर्षी फूल येणार नाही.

सगळेच कंद असे जगत नाहीत. डॅफोडिल, स्नोड्रॉप, लिली, हिपिॲस्ट्रम यांचा कंद वर्षानुवर्षं तोच राहतो, आतून वाढतो आणि बाहेरून झिजतो. हिपिॲस्ट्रममध्ये साधारण चार पानांमागे एक फुलदांडा धरला जातो, म्हणून ज्याची पानं जास्त काळ हिरवी राहिली त्याला पुढे फुलं जास्त. क्रोकस आणि ग्लॅडिओलस यांचे घनकंद दरवर्षी नवे होतात, जुन्याच्या डोक्यावर नवा बसतो आणि जुना खाली सुकून जातो. सायक्लामेनचा गड्डा फक्त मोठा होत जातो, त्याला पिल्लं फुटत नाहीत, त्यामुळे तो वाढवायचा तर बियांशिवाय मार्गच नाही. हातातला कंद यांपैकी कोणत्या रीतीनं जगतो हे आधी माहीत करून घ्या. खत कधी द्यायचं, पाणी कधी तोडायचं, उकरायचा की हात लावायचा नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

आता मूळ प्रजाती अवघड असतात का? काही अवघड आहेतच. पण बऱ्याचशा संकरित वाणांपेक्षा चिवट असतात, कारण मोठ्या फुलासाठी त्यांची बाकीची ताकद कुणी खर्ची घातलेली नाही. ट्यूलिपा स्प्रेंगरी याचं उदाहरण घ्या. उत्तर तुर्कस्तानातल्या अमास्या भागातली ही लाल ट्यूलिप, १८९४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. त्यानंतर ती रानात पुन्हा सापडलेली नाही. आज पृथ्वीवर जी काही स्प्रेंगरी आहे ती बागांमध्ये आहे. आणि तिला मानवलेल्या थंड प्रदेशातल्या बागांत तीच स्प्रेंगरी आपसूक बी सांडून वाफ्यात, पायवाटेच्या कडेला, झुडपांच्या सावलीत पसरते. इतर सगळ्या ट्यूलिप संपल्यावर, सर्वांत शेवटी फुलते. रानातून नाहीशी झालेली प्रजाती कुणाच्या तरी बागेत तणासारखी उगवते, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला या छंदाचा खरा अर्थ लागला. आपण इथे नुसती फुलं पाहायला बसलेलो नाही.

दुर्मीळ कंदांचं वेड लागायला रूपही तितकंच कारण आहे. चिलीमधल्या टेकोफिलिया सायॅनोक्रोकसचा गडद निळा रंग इतर कंदफुलांत क्वचितच पाहायला मिळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लाखेनालिया विरिडिफ्लोराची फुलं हिरवट निळी, मोरपंखी म्हणावी अशी. नार्सिसस विरिडिफ्लोरस हा डॅफोडिलचाच भाऊबंद, पण शरद ऋतूत फुलतो, फुलं हिरवी असतात आणि सुगंध रात्री येतो. बाबियाना रिंजेन्स या झाडाला एक उघडा, बिनफुलांचा दांडा येतो. त्यावर सूर्यपक्षी बसतो, उलटा वाकून खालच्या लाल फुलातला मध पितो आणि परागीभवन करून जातो. दुकानातल्या पाकिटांवर यातलं काही भेटत नाही.

मूळ प्रजाती माणसाळलेल्या नसतात, म्हणून त्या आपलं वेळापत्रक सोडत नाहीत. या छंदातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे हे वेळापत्रक ओळखणं. ढोबळ मानानं तीन घराणी धरा. पहिलं, हिवाळी पावसाचं: भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया, दक्षिण आफ्रिकेचं केप, मध्य चिली आणि कॅलिफोर्निया. इथले कंद हिवाळ्यात आणि वसंतात वाढतात, उन्हाळा झोपून काढतात. दुसरं, उन्हाळी पावसाचं: दक्षिण आफ्रिकेचा पूर्व भाग, मेक्सिको, हिमालय. हे पावसात वाढतात, थंडीत झोपतात. तिसरं उष्णकटिबंधातलं, ज्यात काही कंद पूर्ण झोपतच नाहीत. कंद घरी आला की तो मूळचा कुठला आणि तिथे पाऊस कधी पडतो, एवढंच आधी शोधा. त्याचं निम्मं संगोपन तिथेच ठरतं.

झोपलेला कंद निष्क्रिय असतो, हा समज सोडून द्या. ट्यूलिपचं फूल धरलं जातं ते याच काळात, पानं सुकून गेल्यावर, साधारण १७ ते २० अंश सेल्सियसच्या उबेत. त्यानंतर मूळ फुटतं आणि पुढचे १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालची थंडी मिळाली तरच दांडा उंच वाढतो. उन्हाळ्यात त्याला कोरडी ऊब मिळाली नाही तर फूल धरतच नाही, आणि हिवाळ्यात थंडी मिळाली नाही तर धरलेलं फूल जमिनीलगत अडकून पडतं. म्हणून 'फूल का आलं नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा सहा-आठ महिने मागे सापडतं.

'झोपेत कंद कोरडे ठेवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. कंदाचं आवरण पाहा. रखरखीत गवताळ प्रदेशातल्या ट्यूलिपच्या कंदावर जाड, चिवट साल असते, पुष्कळदा आतून लोकरीसारखी लव असते. असा कंद उन्हाळाभर कोरडा ठणठणीत राहिला तरी त्याला आवडतं. उलट लिली, फ्रिटिलारिया, एरिथ्रोनियम यांचे कंद उघडे असतात, त्यांना अंगरखाच नाही. ते मोकळ्या हवेत ठेवले की काही आठवड्यांत सुरकुततात. त्यांना झोपेतही किंचित ओलसर, थंड भरड मातीत ठेवावं लागतं. रानातल्या झाडांखाली वाढणारे स्नोड्रॉपही याच वर्गातले, साल असूनही त्यांना लांबची कोरड सोसत नाही. कंद आला की पहिल्यांदा त्याची साल पाहायची सवय लावून घ्या.

तुमच्याकडे थंडी पडतच नसेल, तर ट्यूलिप आणि क्रोकसच्या मागे लागू नका, असं मी स्पष्ट सांगेन. फ्रिजमध्ये कंद ठेवून एकदा फूल काढता येतं, पण तो कंद जगवता येत नाही, आणि संग्रह म्हणजे जगवणं. उष्ण हवेसाठीही दुर्मीळ कंदांची कमतरता नाही. क्रायनम, स्काडॉक्सस, हिमँथस, झेफिरँथस, हॅब्रँथस, प्रॉयफिस, लेडेबुरिया या एकेका प्रजातीगटात आयुष्य जाईल इतकं वैविध्य आहे. रात्री गार होत असतील तर लाखेनालियाही जमतात. आपल्या हवेला जुळणारा एक गट निवडून त्यातल्या दहा प्रजाती नीट वाढवणारा माणूस मला शंभर वेगवेगळे कंद विकत घेणाऱ्यापेक्षा मोठा संग्राहक वाटतो.

आता बियांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माहिती सगळ्यात कमी मिळते ती याचीच, आणि आनंदही सगळ्यात जास्त इथेच आहे.

बियांचे दोन स्वभाव असतात. नेरीन, क्रायनम, ब्रुन्सविजिया, हिमँथस यांचं बी मांसल, हिरवट, मटारासारखं गुबगुबीत असतं. ते साठवता येत नाही. पाकिटात ठेवलंत तर पाण्याशिवायही तिथेच अंकुरतं. हातात येताच मातीवर अर्धवट दाबून ठेवा, पुरू नका. दुसरा स्वभाव सुक्या बियांचा: ट्यूलिप, फ्रिटिलारिया, क्रोकस, लाखेनालिया, ग्लॅडिओलस. हे बी कोरडं करून, हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवलं तर वर्षभर किंवा जास्तही टिकतं. हिपिॲस्ट्रम, सिर्टँथस, झेफिरँथस यांचं बी मधल्या जातीचं. पातळ, काळं, कागदासारखं असतं आणि काही महिन्यांत दम तोडतं. ते पाण्यावर तरंगत ठेवलं तरी छान रुजतं. पांढरं मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की मातीत लावायचं.

पेरणीचा काळ त्या प्रजातीच्या वेळापत्रकाप्रमाणे. केपमधलं बी रात्री गार होऊ लागल्या की पेरा, उन्हाळ्यात पेरलंत तर सडेल. ट्यूलिप, फ्रिटिलारियाच्या बियांना रुजण्याआधी दोन-तीन महिने ओली थंडी लागते. उघड्यावर थंडी मिळत नसेल तर ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज कणांत) मिसळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सायक्लामेनच्या बियांना उजेड चालत नाही. ते भिजवून, मातीनं झाकून, अंधारात ठेवावं लागतं. आणि लिलींची तर तऱ्हाच वेगळी. लिलियम रेगाले किंवा फॉर्मोसॅनम काही आठवड्यांत सरळ हिरवं पान वर काढतात, फॉर्मोसॅनम तर पेरल्यापासून वर्षाच्या आत फुलू शकतं. पण मार्टागॉन आणि कॅनडेन्ससारख्या लिली आधी उबेत जमिनीखाली बारीकसा कंद करतात, वर काहीच दिसत नाही. मग थंडीचे तीन महिने जावे लागतात, आणि त्यानंतर पहिलं पान येतं. किती कुंड्या लोक या मधल्या काळात ओतून देत असतील! वर काही दिसत नाही म्हणून बियांची कुंडी टाकू नका. निदान दोन पूर्ण हंगाम वाट पाहा.

केपच्या काही झाडांना आगीनंतरच्या धुराची खूण लागते. ज्या झुडपाळ प्रदेशात वणवा ठराविक काळानं येतोच, तिथलं बी राखेच्या मोकळ्या जमिनीची वाट पाहत पडून राहतं. धुरातल्या रसायनांमुळे बी जागं होतं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिलं, आणि त्यातलं एक नेमकं संयुग २००४ मध्ये ओळखलं गेलं. आता धुराचा अर्क शोषलेले कागद मिळतात. पाण्यात भिजवून त्या पाण्यात बी रात्रभर ठेवायचं. सिर्टँथस व्हेंट्रिकोसस तर कंदातूनच आगीला प्रतिसाद देतो. वणवा कोणत्याही ऋतूत लागो, त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत काळ्या जमिनीतून त्याचे लाल फुलदांडे उभे राहतात. एरवी तो वर्षानुवर्षं फुलत नाही. अशी प्रजाती कुंडीत फुलवणं फार कठीण, हे घेण्याआधीच माहीत असलेलं बरं.

बी रुजलं की पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं एकच पान दिसतं. इथे दुसरा धोका, तण समजून उपटून टाकण्याचा. त्या एका पानावर सगळं अवलंबून आहे. ते जितके दिवस हिरवं ठेवता येईल तितका कंद मोठा होतो. अर्धा डोस खत, सतत ओल, कडक दुपारच्या उन्हापासून आडोसा. रोपांची कुंडी पहिल्या झोपेत मोठ्या कंदांइतकी कोरडी करू नका, मुगाएवढ्या कंदात साठा तो किती असणार. आणि पहिली दोन वर्षं रोपं हलवू नका. ट्यूलिपच्या रोपाचा कंद एका नळीसारख्या अवयवाच्या टोकाशी तयार होतो आणि तो दरवर्षी खोल खोल जातो. उथळ कुंडीत पेरलंत तर सगळे छोटे कंद तळाच्या भोकाशी गोळा झालेले सापडतील, काही बाहेरही पडलेले असतील. इतर कंद आखडणाऱ्या मुळांनी स्वतःला खाली ओढून घेतात. म्हणून पेरणीला खोल कुंडी घ्या. आणि मातीवर बारीक खडीचा थर द्या, त्यानं शेवाळ धरत नाही आणि पावसाच्या थेंबांनी बी उसळत नाही.

फुलायला किती वेळ लागतो? लाखेनालियाला दोन-तीन वर्षं, क्रोकसला तीन-चार, ट्यूलिप आणि फ्रिटिलारियाला चार ते सहा, मोठ्या ब्रुन्सविजियाला दहाच्या पुढेही. हे आकडे ऐकून बरेच जण मागे फिरतात. माझं सांगणं एवढंच की दरवर्षी पेरत राहा. चौथ्या वर्षापासून दर हंगामाला काहीतरी पहिल्यांदाच फुलत असतं, आणि मग वाट पाहणं जाणवत नाही.

माती आणि कुंडी यांवर मी कमी बोलते, कारण लोक त्यावर गरजेपेक्षा जास्त वाद घालतात. निचरा हा एकच मुद्दा. निम्मी भरड सामग्री, म्हणजे प्युमिस किंवा पर्लाइट (दोन्ही ज्वालामुखी खडकाचे हलके, सच्छिद्र खडे), चाळलेली बारीक खडी किंवा धुतलेली जाड वाळू, आणि निम्मा पोयटा. झाडाखालच्या प्रजातींसाठी त्यात पानांचं कुजलेलं खत घाला. बारीक वाळू घालू नका, ती फटी बुजवून माती सिमेंटसारखी करते. मातीच्या कुंड्या ओल्या वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत गाडून ठेवल्या तर फार फायदा होतो: पाणी कुंडीवर न ओतता भोवतालच्या वाळूत द्यायचं, ते भिंतीतून हळूहळू आत झिरपतं, आणि तापमानही दिवसरात्र फारसं वरखाली होत नाही. खत पालाश जास्त आणि नत्र कमी असलेलं, पान हिरवं असेपर्यंतच. नत्रानं पानं माजतात आणि कंद मऊ पडून सडतात.

रोगकिडींतलं सगळ्यात वाईट म्हणजे विषाणू, कारण त्यावर औषध नाही. ट्यूलिपच्या पाकळ्यांवरचे ते जुने, प्रसिद्ध ज्वालेसारखे पट्टे हा आजार होता. डोरोथी केली या संशोधिकेनं १९२८ मध्ये दाखवलं की तो एका कंदातून दुसऱ्यात जातो, आणि पुढे मावा तो पसरवतो हेही सिद्ध झालं. पानांवर फिकट पट्टे, ठिपके, वाकडेपणा दिसला तर तो कंद नष्ट करा, कितीही दुर्मीळ असला तरी. मन होत नाही, हे मला कळतं. पण एक आजारी कंद वाचवण्याच्या नादात शेजारच्या सगळ्या प्रजाती जातात. बी पेरण्याचा आणखी एक मोठा फायदा इथे दिसतो: हा ट्यूलिपचा विषाणू आणि कंदांचे इतर बहुतेक विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. आजारी कंदाला नष्ट करण्याआधी, इतरांपासून दूर ठेवून, त्याचं बी धरून घेतलं तर पुढची पिढी निरोगी मिळू शकते. मिलीबग ही पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड मात्र सालीखाली लपून बसतो. झोपेत कुंडी बदलताना सैल साल काढून पाहा. आणि हातमोजे घाला. ट्यूलिपच्या कंदांनी बोटांना चिरा पडतात, कोल्चिकमचा तर प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुलं घरात असतील तर कंद खाण्याच्या वस्तूंजवळ कधीही ठेवू नका.

आता रानातल्या कंदांबद्दल. चीनच्या डोंगरांत फ्रिटिलारिया डेलावायी नावाची एक वनस्पती उघड्या खडकाळ उतारावर वाढते. पारंपरिक औषधासाठी तिचा कंद दोन हजार वर्षांहून अधिक काळ खणला जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की जिथे खणणं जास्त, तिथली झाडं हिरवी न राहता आसपासच्या दगडांसारखी करडी-तपकिरी झाली आहेत. जी झाडं माणसाला दिसली नाहीत तीच बी धरायला उरली. माणसाच्या हावेनं एका वनस्पतीचा रंग बदलला, याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

आणि हे औषधापुरतं नाही. विसाव्या शतकात तुर्कस्तानातून स्नोड्रॉप, सायक्लामेन, स्टर्नबर्गिया यांचे रानातले कंद कोट्यवधींच्या संख्येनं बाहेर गेले, आणि ते लावणारे आपल्यासारखेच बागकाम करणारे लोक होते. ज्या टेकोफिलियाचं वर मी कौतुक केलं ती जनावरांच्या चराईमुळे आणि कंदांच्या व्यापारामुळे रानातून संपली असंच मानलं जात होतं. २००१ मध्ये सँटियागोजवळ तिची एक वस्ती पुन्हा सापडली तेव्हा जगभरच्या कंदप्रेमींनी सुटकेचा श्वास सोडला. दक्षिण आफ्रिकेतली मोरिया अरिस्टाटा तर केप टाऊनच्या खगोल वेधशाळेच्या आवारातच रानटी अवस्थेत उरली आहे. अशा प्रजातीचे दहा कंद कुणी उचलले तर तो जगाच्या साठ्यातला मोठा हिस्सा असतो. शिवाय फुललेलं झाड खणून आणलं तर ते बहुधा मरतंच. जुनो गटातल्या आयरिसचं उदाहरण घ्या: कंदाखाली जाड, मांसल मुळं असतात, त्यांत पुढच्या वाढीचा साठा असतो, आणि घाईत खणताना नेमकी तीच तुटतात.

स्नोड्रॉप, सायक्लामेन आणि स्टर्नबर्गिया हे तिन्ही गट साइट्स, म्हणजे संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. हा करार १९७५ पासून अमलात आहे. याशिवाय कंद असो की बी, सीमा ओलांडताना वनस्पतीच्या आरोग्य प्रमाणपत्राचे आणि आयातीचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात, ते आधी पाहा. देणाऱ्याला थेट विचारा: हे तुम्ही वाढवलंत की आणलंत? कशापासून वाढवलं, किती वर्षांपूर्वी? ज्यानं खरंच वाढवलं तो या प्रश्नावर खुलतो आणि सांगायला लागला की थांबत नाही. ज्याचं उत्तर आखूड येतं, त्याच्याकडून घेऊ नका. एकाच प्रजातीचे वेगवेगळ्या आकाराचे, जखमा झालेले, माती चिकटलेले कंद स्वस्तात मिळत असतील तर तेही रानातलेच समजा.

नोंदींबद्दल मी हट्टी आहे. लेबलावर प्रजातीचं नाव, बी कुणाकडून आलं, पेरल्याची तारीख आणि मूळ ठिकाण माहीत असेल तर ते, हे सगळं पेन्सिलनं लिहा. शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. एक लेबल वर, एक कुंडीच्या आत. मूळ ठिकाण हरवलेला कंद बागेत शोभा देतो, पण रानात काही परत करायची वेळ आली तर तो उपयोगाचा राहत नाही, कारण तो कुठल्या डोंगरावरचा हे कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवातीला एकाच प्रजातीची चार-पाच वेगवेगळ्या बियांपासूनची रोपं ठेवा, एक कंद पुरत नाही. पुष्कळ कंदांचं स्वतःच्याच परागानं फलन होत नाही. पिल्लांपासून वाढवलेले पन्नास कंद असले तरी ते सगळे मिळून एकच झाड असतं, त्यांच्यात आपापसांत बी धरत नाही. केशराचं असंच आहे: त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे ते वांझ, आणि हजारो वर्षं माणसाच्या हातानं कंद वाटूनच टिकलं आहे. त्याचा पूर्वज, ग्रीसमधला क्रोकस कार्टराइटियानस, मात्र अजून बी धरतो.

पहिल्यांदा कशानं सुरुवात करावी? थंडी असेल तर क्रोकस टोमासिनियानस, ट्यूलिपा स्प्रेंगरी, फ्रिटिलारिया मेलिआग्रिस, सायक्लामेन हेडेरिफोलियम. गार रात्री असतील तर लाखेनालियाच्या दोन-तीन प्रजाती. उष्ण हवेत झेफिरँथस आणि हॅब्रँथस, ते पाऊस पडला की फुलतात आणि पटकन बी धरतात, शिकायला फार चांगले. यांचं बी हौशी लोकांच्या बीजविनिमय मंडळांतून सहज मिळतं. यातल्या दोन प्रजाती बियांपासून बियांपर्यंत नेल्या की मग लाखेनालिया विरिडिफ्लोरा किंवा टेकोफिलियाच्या बियांना हात घाला. आता त्यांचं बागेत वाढवलेलं बी मिळू शकतं.

पहिलं फूल आलं की आधी परागाचा विचार करा. जवळपास त्याच गटातल्या दुसऱ्या प्रजाती फुलत असतील तर मधमाश्या संकर करून ठेवतील आणि तुमच्या हाती नाव एक, झाड भलतंच, असं बी येईल. फूल उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधा आणि मऊ ब्रशनं त्याच प्रजातीच्या दुसऱ्या रोपाचा पराग लावा. दुसरं रोप दोन आठवडे उशिरा फुलणार असेल तर पहिल्याचे पुंकेसर काढून, कागदाच्या पुडीत सिलिका जेलसोबत वाळवून फ्रिजमध्ये ठेवा. तोवर पराग जिवंत राहतो. बोंड पिवळं पडून टोकाला फुटू लागलं की लगेच काढा. बी मोजून, लेबल लावून, निम्मं स्वतः पेरा आणि उरलेलं लांब राहणाऱ्या दोन-तीन जणांना पाठवा. एका वर्षी तुमची कुंडी सडली किंवा उंदरांनी उकरली, तर तीच प्रजाती तुम्हाला त्यांच्याकडून परत मिळेल.